आई-वडिलांचा पहिला युरोप प्रवास: तिकीट आधी की तयारी आधी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील साताऱ्यात राहतात. वडील 66 वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत, आई 62 वर्षांच्या आहेत आणि दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास आहे. टूर कंपनीबरोबरची धावपळ नको म्हणून 14 ते 29 मे या काळात दोघांनीच पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली पाहावे आणि आखणी आपण पुण्यातून करून द्यावी, असा बेत आहे. विमानाचे तिकीट आज स्वस्त दिसते आहे, ते लगेच काढावे का आणि बाकीची तयारी कशी करावी, असे आपण विचारले आहे. वडिलांना मधुमेह आहे आणि आईंच्या पासपोर्टची मुदत 12 ऑगस्टला संपते, हेही आपण कळवले आहे.

तिकीट आज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिसाची कागदपत्रे लावून देण्याचे आणि प्रवास आखून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. एखादी वस्तू घरी राहिली म्हणून प्रवास फिसकटल्याचे मी क्वचितच पाहिले. परंतु आधी तिकीट, मग हॉटेल, मग व्हिसा आणि सर्वांत शेवटी पासपोर्टकडे लक्ष, अशा उलट्या क्रमामुळे ऐन वेळी तारखा बदलाव्या लागल्या आणि पैसे बुडाले, असे मात्र अनेकदा पाहिले आहे. म्हणून आधी पासपोर्ट, मग दोघांच्या प्रकृतीला झेपेल असा मार्ग, मग त्या मार्गाशी तंतोतंत जुळणारा व्हिसाचा अर्ज आणि त्यानंतर पक्के तिकीट, हा क्रम सोडू नये.

शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम असा आहे की, तेथून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट वैध असला पाहिजे, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असला पाहिजे आणि त्यात निदान दोन पाने कोरी असली पाहिजेत. आईंना 29 मे रोजी परत यायचे असेल, तर त्यांचा पासपोर्ट 29 ऑगस्टपर्यंत चालू हवा आणि तो 12 तारखेलाच संपतो. केवळ सतरा दिवस कमी पडतात, परंतु तेवढ्यावरून अर्ज अडतो. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नवा पासपोर्ट मागता येतो, त्यामुळे हे काम याच आठवड्यात सुरू करावे. पोलीस पडताळणी होणार असेल, तर त्या काळात आई साताऱ्याच्या घरी असतील एवढे पाहावे.

नवा पासपोर्ट येणारच आहे, तर नावाचा प्रश्नही याच वेळी मिटवून टाकावा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची रीत आहे आणि लग्नानंतर स्त्रीची शेवटची दोन पदे बदलतात. परिणामी आधार कार्डावर सासरचे पूर्ण नाव, बँकेच्या जुन्या खात्यावर माहेरचे नाव आणि पॅन कार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी किंवा जास्त, अशी स्थिती पुष्कळ घरांत आढळते. व्हिसा अधिकाऱ्याला ही रीत ठाऊक असेलच असे नाही. त्याला तीन कागदांवर तीन वेगळ्या व्यक्ती दिसू शकतात. पासपोर्टवरील नाव हे मूळ धरावे, बाकीचे कागद शक्य तितके त्याच्याशी जुळवून घ्यावेत आणि जे जुळणार नाहीत त्यांच्यासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. विमानाचे तिकीट, विमा आणि हॉटेल यांच्या आरक्षणातही पासपोर्टवरील स्पेलिंगच अक्षरशः उतरवावे.

आता मार्गाकडे वळतो. माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा असा हाच भाग आहे आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. आपण पाठवलेल्या यादीत पॅरिस, ल्युसर्न, इंटरलाकेन, झरमॅट, मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स आणि रोम अशी आठ ठिकाणे पंधरा रात्रींत बसवली आहेत. म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या दिवशी सामान बांधायचे, स्टेशन गाठायचे, गाडी बदलायची आणि नवे हॉटेल शोधायचे. युरोपातील स्टेशनांवर हमाल मिळत नाहीत, पॅरिसच्या मेट्रोत अनेक ठिकाणी सरकते जिनेही नाहीत, आणि गाडीत सामान आपले आपणच चढवायचे असते. टूर कंपनीची पळापळ टाळण्यासाठी स्वतंत्र प्रवास ठरवायचा आणि आखणी मात्र तिच्याहून धावपळीची करायची, यात दोघांचे हित नाही.

माझी सूचना अशी आहे: पॅरिसमध्ये चार रात्री, इंटरलाकेनमध्ये सहा, फ्लोरेन्समध्ये दोन आणि रोममध्ये तीन. जाताना मुंबईहून पॅरिस आणि येताना रोमहून मुंबई असे एकाच आरक्षणातले तिकीट घ्यावे, म्हणजे परतीसाठी पुन्हा पॅरिस गाठण्यात दिवस आणि भाडे वाया जात नाही. पॅरिसहून बाझेलपर्यंत वेगवान गाडीने सुमारे तीन तास आणि तेथून इंटरलाकेनपर्यंत आणखी दोन तास लागतात. पुढे इंटरलाकेनहून श्पिएट्समार्गे मिलानपर्यंत आणि तेथे गाडी बदलून फ्लोरेन्सपर्यंत पोहोचण्यात एक पूर्ण दिवस जाईल. त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. फ्लोरेन्स ते रोम हे अंतर दीड तासाचे आहे. झरमॅट आणि व्हेनिस सुटल्याचे वाईट वाटेल, हे मी जाणतो. तरीही इंटरलाकेनला एकाच खोलीत सहा रात्री राहिल्यामुळे ज्या दिवशी आकाश मोकळे असेल त्या दिवशी डोंगरावर जाता येते आणि ज्या दिवशी पाऊस असेल त्या दिवशी तलावाकाठी किंवा बर्नमध्ये फिरता येते, हा लाभ मोठा आहे.

युंगफ्राउयोखचे उदाहरण घेतो. इंटरलाकेनजवळच्या डोंगरावरचे हे रेल्वे स्टेशन 3,454 मीटर उंचीवर आहे. ढग असतील, तर एवढा मोठा खर्च करून वर गेल्यावर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून नेमक्या तारखेचे तिकीट भारतातून काढून ठेवू नये. शिखरावरचे थेट कॅमेऱ्यातले दृश्य सकाळी उठल्याबरोबर फोनवर पाहता येते. ते स्वच्छ असेल तर न्याहारी करून लगेच निघावे. ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्स्प्रेस ही केबल कार 2020 च्या डिसेंबरपासून सुरू आहे. ती पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला पोहोचवते आणि तेथून पुढे दात्यांच्या रुळावरची गाडी आहे. वर मे महिन्यातही तापमान शून्याखाली जाते आणि हवा विरळ असते. वडिलांनी वर घाईने चालू नये, पाणी पीत राहावे, सोबत खाण्याचे काही ठेवावे आणि डोके दुखू लागले किंवा गरगरले तर थांबून न राहता खाली यावे. एवढ्या उंचीवर जाण्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांचे मत आधी जरूर घ्यावे. त्यांनी नको म्हटले, तर लाउटरब्रुनेनच्या दरीत जावे. जवळजवळ तीनशे मीटरवरून कोसळणारा श्टाउबाख धबधबा तेथे गावाच्या रस्त्यावरून दिसतो आणि त्यासाठी चढ चढावा लागत नाही.

शहरांतील आरक्षणाचे मात्र उलट आहे. ते आधीच करावे. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, ओर्से सोमवारी बंद असते आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. मुक्कामाचे वार ठरवताना हे कॅलेंडर समोर ठेवावे. कोलोसियमची तिकिटे नावावर निघतात आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र मागतात. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर जायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तो खालूनच पाहावा, खालूनही तो तितकाच भव्य आहे. इटलीतील चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, याची अडचण आईंना येणार नाही.

या आराखड्यात सर्वाधिक रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडेच करायचा. नियमच असा आहे की, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम असेल त्याच्याकडे अर्ज जातो आणि मुक्काम सारखा असेल तर ज्या देशात प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. म्हणजे 14 मेसाठी 14 नोव्हेंबरपासून दार उघडते. निर्णयाला साधारण पंधरा दिवस आणि अधिक छाननी लागल्यास पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीआधी व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्रात भेटीची वेळ मिळणेच अवघड होते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज जाईल अशा बेताने चालावे. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे आणि केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावे लागेल.

एका देशाची भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून तेथील हॉटेलांची खोटी आरक्षणे दाखवायची, व्हिसा मिळाला की ती रद्द करायची आणि प्रत्यक्षात दुसरीकडेच राहायचे, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नये. विमानतळावरचा अधिकारी हॉटेलची आरक्षणे मागू शकतो आणि पहिल्यांदाच परदेशी गेलेल्या, इंग्रजी बोलण्याची फारशी सवय नसलेल्या दोन ज्येष्ठ माणसांना तेथे खोटी गोष्ट सांगण्याच्या परिस्थितीत टाकणे मला अत्यंत चुकीचे वाटते. शिवाय प्रामाणिकपणाचा उपयोगही आहे. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय संघाने भारतीय नागरिकांसाठी स्वीकारलेल्या पद्धतीनुसार, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेल्या अर्जदारांना दोन वर्षांचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. आई-वडिलांना पुन्हा जावेसे वाटले, तर या पहिल्या व्हिसाचा स्वच्छ इतिहास कामी येईल.

फाइलमध्ये काय असावे, हे अर्जाच्या यादीत दिलेले असते. मी केवळ आपल्या घराला लागू पडणाऱ्या बाबी सांगतो. वडिलांच्या पेन्शनचे आदेशपत्र, पेन्शन जमा होते त्या खात्याचे बँकेचा शिक्का मारलेले स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि मुदत ठेवींच्या पावत्या हा त्यांच्या अर्जाचा कणा आहे. गावी शेती असेल, तर सातबारा उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे. मायदेशी परत येण्याचे कारण दाखवणारा तो चांगला कागद आहे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम आणून ठेवू नये, कारण तिचा उगम विचारला जातो. खर्च आपण करणार असाल, तर तसे पत्र, आपली विवरणपत्रे आणि नाते सिद्ध करणारा आपला जन्मदाखला जोडून उघडपणे लिहावे. सोबतचे पत्र एका पानाचे असावे आणि त्यात कोणत्या तारखेला कोठे मुक्काम आहे हे असे लिहावे की ते आरक्षणांशी तारीखवार जुळेल. या टप्प्यावर विमानाचे आरक्षण पुरते, पैसे भरलेले तिकीट नव्हे. व्हिसा हातात आल्यावर नावाचे स्पेलिंग, वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या तेथल्या तेथे तपासावी आणि त्यानंतर तिकीट पक्के करावे. तोपर्यंत भाडे काहीसे वाढेल, ते वाढू द्यावे.

प्रवास विमा व्हिसासाठी सक्तीचा आहे आणि त्याचे किमान संरक्षण 30,000 युरोंचे असावे लागते. परंतु ही अट व्हिसाची आहे, रुग्णालयाच्या बिलाची नव्हे. वडिलांचे वय आणि आजार पाहता याहून मोठ्या रकमेचा विमा घ्यावा, मधुमेह अर्जात स्पष्ट नोंदवावा आणि आधीपासूनच्या आजारासंबंधीचे कलम स्वतः वाचावे. अनेक पॉलिसींत अशा आजारासाठी केवळ जिवावरच्या प्रसंगातच खर्च मिळतो. हप्ता थोडा वाढतो म्हणून आजार लपवला, तर नेमका गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो.

औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान आठवडाभर जास्त पुरतील इतकी, मूळ पाकिटांत आणि सर्वच्या सर्व केबिन बॅगेत ठेवावीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्या गोळीचे दुकानी नाव तेथील फार्मसीत कोणालाही कळणार नाही. इन्सुलिन असेल, तर ते चेक-इन सामानात कधीही टाकू नये; तेथील थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. मे महिन्यात या तिन्ही देशांची वेळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणून जातानाचा दिवस तेवढा लांबतो. त्या दिवशी डोस आणि जेवण यांची सांगड कशी घालायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. तेथे 112 हा आणीबाणीचा क्रमांक तिन्ही देशांत चालतो. तो दोघांच्याही फोनमध्ये साठवून ठेवावा.

पैशांबाबत फार गुंतागुंत करू नये. एक फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधी भरून ठेवायचे कार्ड), दुसऱ्या बँकेचे एक साधे कार्ड आणि थोडी रोख, एवढे पुरेसे आहे. मात्र दोन्ही कार्डे एकाच पाकिटात ठेवू नयेत. स्वित्झर्लंडचे चलन फ्रँक आहे, युरो नव्हे, हे फॉरेक्स कार्ड भरताना ध्यानात असावे. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशातील वापर मुळात बंद असतो. तो निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावा लागतो. तेथील दुकानाचे यंत्र ‘रुपयांत भरायचे की युरोत’ असे विचारते, तेव्हा नेहमी तेथील चलन निवडावे, कारण रुपये निवडल्यास दुकानाच्या बाजूने लावलेला महाग दर पडतो. आई-वडिलांना हे एकदा घरी नीट समजावून सांगावे.

फोनचे दोन मुद्दे असे की, बँकेचे ओटीपी भारतीय सिमवरच येणार असल्यामुळे ते सिम फोनमध्ये चालू राहिले पाहिजे, आणि ‘युरोप’ नावाने विकल्या जाणाऱ्या काही इंटरनेट पॅकमध्ये स्वित्झर्लंड नसते, कारण तो देश युरोपीय संघाचा सदस्य नाही. पॅक घेताना देशांची यादी वाचावी. आपल्या आराखड्यातल्या सहा रात्री त्याच देशात आहेत.

सामानात खाण्याचे पदार्थ असणारच आणि ते असावेतच. मधुमेही माणसाला वेळेवर ओळखीचे अन्न मिळणे गरजेचे आहे. पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणून तूप, पेढे, खव्याची मिठाई आणि पनीर घरीच ठेवावे. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे यातून वगळलेली आहेत. मे महिना असल्यामुळे ओळखीच्या कोणासाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह होईल, तो टाळावा. कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नेऊ नयेत. सुके खोबरे तेलामुळे ज्वालाग्राही मानले जाते, त्यामुळे ते विमानाच्या सामानातून काढून ठेवायला लावतात. भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि बिनतुपाचे खाकरे खुशाल न्यावेत. इंटरलाकेनला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तर थालीपीठ तेथेच लावता येते. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी मोठ्या स्टेशनांवरची दुकाने वगळता बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवावे.

बॅगेच्या वजनाची माझी कसोटी विमान कंपनीच्या मर्यादेहून कडक आहे: ज्याची बॅग त्याला ती भरलेल्या स्थितीत दोन मजले जिन्याने वर नेता आली पाहिजे. निघण्याच्या दोन आठवडे आधी घरच्या जिन्यावर हे प्रत्यक्ष करून पाहावे. नवे बूटही त्याच सुमारास, रोज सकाळच्या फिरण्यात वापरायला सुरुवात करावी. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी. प्लगसाठी स्वित्झर्लंडचा वेगळा विचार करावा, कारण तेथील खोलगट षट्कोनी सॉकेटमध्ये फ्रान्समधला जाड गोल प्लग बसत नाही. दोन बारीक पिनांचा चपटा युरोपीय प्लग मात्र तिन्ही देशांत चालतो.

पॅरिसला उतरल्यावर आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी छायाचित्र घेऊन संगणकावर नोंद होते आणि ठसे पडताळले जातात. ही पद्धत 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून, पहिल्या नोंदणीला वेळ लागतो. त्यामुळे त्या दिवशीची कोणतीही गाडी किंवा आरक्षित तिकीट ठेवू नये. अधिकारी बहुधा किती दिवस राहणार, कोठे राहणार, परतीचे तिकीट आहे का, एवढेच विचारतो. या तीन प्रश्नांची साधी इंग्रजी उत्तरे दोघांनीही, आईंनीसुद्धा, घरी मोठ्याने म्हणून पाहावीत. सर्व कागदांचा एक संच वडिलांच्या आणि एक आईंच्या केबिन बॅगेत असावा. फोनची बॅटरी संपली तरी तारीखवार हॉटेलांचे पत्ते हातात राहतील, अशा रीतीने ते मोठ्या अक्षरांत छापून द्यावेत.

पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय दूतावास, हा क्रम आहे. आपले दूतावास पॅरिस, बर्न आणि रोम येथे आहेत. तेथून तातडीचे प्रमाणपत्र मिळते, पण ते केवळ भारतात परतण्यासाठी असते, उरलेला प्रवास त्यावर करता येत नाही. पॅरिसची मेट्रो आणि रोमचे टर्मिनी स्टेशन येथे खिसेकापूंचा उपद्रव फार आहे. तेथून जाताना पासपोर्ट कपड्यांच्या आत बांधायच्या पातळ पिशवीत असावेत, हातातल्या पर्समध्ये नव्हे. दोन्ही पासपोर्टची पहिली आणि शेवटची पाने, व्हिसाचे पान, विम्याची पॉलिसी आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांच्या प्रती आपण पुण्यात स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवाव्यात, म्हणजे तिकडून फोन आला तर आपल्याला त्या लगेच दूतावासाकडे पाठवता येतील.